उमीच्या शेगडीवरचं मटण

मला थांबता येत नाही. दूध तापत ठेवलं तरी मी चुलीपुढे येरझाऱ्या घालते, आणि माझी पाठ वळली की ते नेमकं उतू जातं. अशा मुलीच्या हाती घरातला सगळ्यात सावकाश शिजणारा पदार्थ सोपवावा हे आईच्या मनात का आलं, ते तिलाच ठाऊक. बहुतेक दुसरं कोणी मोकळं नव्हतं. माझी थोरली बहीण, अक्का, लग्नानंतर पहिल्यांदाच नवऱ्याला घेऊन माहेरी जेवायला येणार होती, आणि आई सकाळपासून घरभर नुसती पळत होती.

पन्नासचं दशक संपत आलं होतं. मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षात होते. तंजावूरला राजवाड्यामागच्या गल्लीत आमचं घर. घरात आई, अप्पा, काका, काकी आणि मी. अप्पा म्हणजे माझे वडील, कलेक्टर कचेरीतून नुकतेच निवृत्त झालेले. घरात मराठी बोलायचो, ती आमची आमची मराठी. वाचायला मात्र तमिळ आणि इंग्रजी. देवनागरी मी पुढे सासरी गेल्यावर गिरवली, म्हणून आज हे लिहिता येतंय.

तर अप्पांचे दात गेले होते. सगळेच. हिरड्या सुजायच्या, रात्ररात्र गाल धरून बसायचे. शेवटी दातांच्या डॉक्टरांनी एकेक करत सगळे काढले आणि कवळी करून दिली. अप्पांनी ती एकदाच लावली, आरशात पाहिलं आणि काढून पाण्याच्या पेल्यात टाकली.

"दुसऱ्याचं तोंड घेऊन मी जेवाचं की?" ते म्हणाले. तो पेला मग आईने फळीवर मागे सरकवून ठेवला.

त्या दिवसापासून अप्पा पंगतीला बसेनात. त्यांच्या खोलीत दार लोटून पेज, नाहीतर कालवलेला दहीभात. आई वाढायला गेली की एका पळीला "पुरे" म्हणायचे. दुसरी पळी पुढे केली की हातच आडवा. बोलताना उपरण्याचं टोक तोंडावर धरायचे, अगदी माझ्याशी बोलतानासुद्धा. हा माणूस पंगतीत बसला की शेजारच्या घरी कळायचं, इतक्या मोठ्या आवाजात हसणारा. महिन्या-दोन महिन्यांत गळ्याखालची कातडी लोंबायला लागली. पुण्याईने अजून हिंडतात-फिरतात, असं काकी म्हणायची तेव्हा मला तिचं तोंड दाबावंसं वाटे, कारण मलाही तेच दिसत होतं. मला भीती वाटत होती की अप्पा असेच त्या खोलीत बसून संपणार.

दात नव्हते तरी पान सुटलं नव्हतं. पान-सुपारी कुटायला त्यांनी एक छोटा लोखंडी खल आणला होता. दाराआडून टक टक टक असा आवाज यायचा. तेवढाच काय तो त्यांचा आवाज उरला होता.

आणि मटण शिजणं बंद झालं होतं. ते कोणी ठरवलं नव्हतं. पण आमच्याकडे मटणाचं जेवण अप्पांशिवाय सुरूच होऊ शकत नव्हतं. बाकी सगळ्यांना केळीचं पान, अप्पांना त्यांच्या वडिलांचं काशाचं ताट. आई पहिली नळी त्यांना वाढायची. ते ती उचलून ताटाच्या काठावर आपटायचे, ठण्ण, आणि आतला मगज बाहेर यायचा. तो आवाज झाल्याशिवाय कोणी पानाला हात लावायचा नाही. ताटाच्या काठाला त्या जागी चांगला खोलगट पोचा पडला होता, माझ्या अंगठ्याएवढा. आणि जावई पहिल्यांदा घरी जेवायला आला की त्या पहिल्या नळीतला मगज सासऱ्याने त्याच्या पानावर पाडायचा. मग तो घरचा. लग्नात कितीही मंत्र म्हटले असले तरी आमच्या लोकांच्या लेखी खरं नातं तिथे लागायचं.

आता ते कसं होणार? अप्पांनी आदल्या दिवशीच सांगून टाकलं होतं. "माझ्या पाटावर धाकटा बसेल. नळी पण तोच आपटेल. मला बोलावाला येऊ नका."

आई रडली नाही, पण तिचा चेहरा उतरला. अक्काची सासू साधीसुधी बाई नव्हती. लग्नात वऱ्हाडाला कॉफी गार मिळाली, ते ती अजून अक्काला ऐकवत होती. सासऱ्याने पहिल्या जेवणाला पाठ फिरवली, हे तिच्या हाती लागलं तर अक्काला जन्मभर पुरलं असतं. आईला अक्काची काळजी होती. मला अप्पांची. पाट एकदा काकांकडे गेला की तो परत यायचा नाही, हे मला पक्कं कळत होतं. काका वाईट होते म्हणून नव्हे. अप्पांनी तो मागितलाच नसता.

मी आईला म्हटलं, "मटण इतकं मऊ करू की दातच नक्को. मग बसतील."

आई म्हणाली, "तू करतीस की?"

असा मी तो पदार्थ ओढवून घेतला.

आमच्याकडे मटण चुलीवर होत नसे. ते उमीच्या शेगडीवर व्हायचं. उमी म्हणजे भाताचं तूस. ओरत्तनाडूकडच्या आमच्या शेताचं भात गिरणीत कांडून आलं की मागोमाग उमीची पोतीही यायची. शेगडी म्हणजे पत्र्याचा तेलाचा डबा, खाली एका बाजूला भोक पाडलेला. डब्यात मधोमध बाटली उभी करायची, भोवती उमी घालून ठोकायची, आणखी घालायची, आणखी ठोकायची. मग बाटली हलक्या हाताने फिरवत वर काढली की मधे पोकळी राहते. खालच्या भोकातून पेटतं काटूक सारायचं. ज्वाळा अशी दिसतच नाही. आतल्या आत कडा लाल होत जातात आणि सकाळी पेटवलेली शेगडी दिवे लागेपर्यंत धुमसत राहते. तिला मधे काही घालता येत नाही, जाळ वाढवता येत नाही, घाई करता येत नाही. ती तिच्या मर्जीने चालते. माझ्यासारखीला हा सगळा प्रकार म्हणजे शिक्षाच होती.

त्यात आणखी दोन नियम. भांड्यावरचं झाकण उचलायचं नाही. झाकण म्हणून परातीसारखी खोल थाळी असे, तिच्यात पाणी. वाफ आत कोंडते आणि मटण स्वतःच्याच रसात शिजतं. दुसरा नियम जास्त कडक. असल्या मोठ्या जेवणाला देवीपुढे ताट दाखवल्याशिवाय कोणी चव घ्यायची नाही. मीठसुद्धा अंदाजाने. म्हणजे दिवसभर मी त्या भांड्यापुढे बसायचं आणि आत काय चाललंय ते मला कळणार नाही.

मटण आणायचं काम कायम अप्पांचं. ते स्वतः बाजारात जायचे, अंगठ्याने दाबून बघायचे, चरबीचा रंग बघायचे, खाटकाशी भांडायचे. त्या दिवशी काका गेले. काका शाळेत गणित शिकवायचे. गणितात त्यांना कोणी फसवू शकत नव्हतं, बाकी सगळ्यात कोणीही फसवावं. ते पिशवी घेऊन आले, काकीने मागच्या अंगणात मटण परातीत ओतलं आणि ती बघतच राहिली. काळपट लाल, जाड धाग्याचं.

"हे काय आणलात? बोकड की बोकडाचा आजोबा?"

"तो कोवळं म्हणाला की," काका म्हणाले.

"तो म्हणणारच. तुम्ही दाबून बगितलात की?"

काकांनी दाबून बघितलं नव्हतं. एवढ्यात अप्पांच्या खोलीचं दार, जे मागच्या अंगणातच उघडतं, ते उघडलं. अप्पा आले, वाकले, एक तुकडा अंगठ्याने दाबला. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो आणि तोंडावर उपरणं होतं.

"जून आहे," एवढं म्हणून ते आत गेले आणि दार लावून घेतलं.

दुसरं आणायला वेळ नव्हता. चांगलं मटण उजाडतानाच संपतं.

मी धने, सुक्या मिरच्या, खसखस, बडीशेप, लवंगा भाजल्या, ओलं खोबरं किसलं आणि अम्मीवर, म्हणजे आमच्या पाट्यावर, वाटायला बसले. एरवी काकी वाटते तेव्हा दगडाचा आवाज एका लयीत येतो. माझा येत नव्हता. दर दोन हातांनी मी उठून मटणाकडे बघत होते, जणू तेवढ्यात ते कोवळं होणार होतं. आईने मटणाला हळद, मीठ, आलं-लसूण लावून झाकून ठेवलं होतं. मी झाकण काढून वास घेतला, परत झाकलं. मग मला पपईची आठवण झाली.

कच्च्या पपईने जून मटण शिजतं, हे आमच्याकडे पोरासोरांनाही माहीत. स्वयंपाकघरातल्या टोपलीत एक कच्ची पपई होतीच. तिचा एका बाजूचा काप आधीच कोणी काढला होता. काकीने भाजीला घेतला असेल, असं मी धरून चालले. मी चांगला मोठा तुकडा कापला, सालीसकट वाटला आणि मटणाला चोळला. कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आई म्हणाली असती की जपून घाल, आणि मला जपून घालायचं नव्हतं.

शेगडी पेटली. मातीच्या मोठ्या भांड्यात छोटे कांदे परतले, वाटण परतलं, मटण घातलं, वर थाळी ठेवून पाणी ओतलं. त्यानंतर करायला काहीच उरलं नाही, आणि खरा छळ तिथून सुरू झाला.

मी विहिरीपर्यंत जायचे, परत यायचे. तिण्णैवर, म्हणजे पुढच्या ओट्यावर, जाऊन रस्ता बघायचे, परत यायचे. शेगडीला कान लावायचे. आतून अगदी बारीक बुडबुड ऐकू यायची, कधी यायची नाही. ऐकू आली नाही की वाटायचं विझली. भोकातून डोकावून लाल दिसलं की वाटायचं करपतंय. काकी तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "बैस गो एका जागी. तुझ्या पायानं अंगण झिजून जाईल."

"विझली तर?"

"विझली तर उपाशी. तू फिरलीस म्हणून पेटती की ती?"

दुपारी मला राहवलं नाही आणि मी अप्पांच्या दाराशी गेले. आतून खलाचा आवाज येत होता.

"अप्पा, बसा की हो आज. मी फार मऊ करते."

आवाज थांबला. "मऊ म्हणजे कसं? चोखाला लागतं. माप्पिळ्ळेसमोर चोखत बसू की मी?" जावयाला आम्ही तमिळमधलंच माप्पिळ्ळे म्हणतो.

"नुस्ता रस्सा-भात खावा. नळी आपटाला दात कशाला?"

"आणि नंतर? अस्के खातील, मी बगत बसाचं?"

अस्के म्हणजे आमच्या मराठीत सगळे. मी दारापुढेच इकडून तिकडे करत राहिले.

"तिथं फिरू नक्को," अप्पा आतून म्हणाले. "तुझी सावली दाराखालून जाती-येती. माझं डोकं फिरतंय."

मला इतका राग आला. म्हटलं, बसा मग तुमच्या खोलीत. एक आख्खं घर तुमच्या पाटाभोवती घिरट्या घालतंय आणि तुम्हाला सावलीचा त्रास. हे मी मोठ्याने म्हटलं नाही. पण पाय आपटत गेले, ते त्यांना ऐकू गेलं असणार.

मधे पाणी प्यायला आत गेले तर टोपलीतली पपई अर्ध्यावर आली होती. मी मघाशी एवढी कापली होती का? मला आठवेना. डोकं ठिकाणावर नव्हतंच.

ऊन उतरायला लागलं आणि गल्लीच्या तोंडाशी झटक्याच्या, म्हणजे टांग्याच्या, घोड्याच्या टापा ऐकू आल्या. "आले, आले," म्हणत आई धावली, काकी हात पुसत धावली, काका धोतर सावरत धावले आणि मी सगळ्यांच्या पुढे. अक्का झटक्यातून उतरली तेव्हा तिच्या अंगावर नवी कांजीवरम होती, पण डोळे ओट्यावरच फिरत होते. भावोजी हातात केळ्यांचा घड घेऊन उभे. अक्काने मला बाजूला घेतलं.

"अप्पा कुठं?"

"येतील," मी म्हटलं.

"जेवाला बसतील की?"

मी तिच्या हातातली पिशवी घेतली आणि उगाच बडबड सुरू केली, प्रवास कसा झाला, ऊन किती आहे. तिला कळलं. तिने पुन्हा विचारलं नाही.

पाय धुणं, कुंकू लावणं, कॉफी, यात बराच वेळ गेला. मग अप्पा बाहेर आले. उपरणं तोंडावर. भावोजी वाकून पाया पडले. "बरं आहे? बसा, बसा," एवढं म्हणून अप्पा लगेच मागे वळले. भावोजी बिचारे वाकलेले ते सरळ होईपर्यंत समोर कोणी नव्हतं. सरळमार्गी माणूस, रेल्वेत नोकरी, बोलणं कमी. त्यांनी अक्काकडे पाहिलं आणि अक्काने जमिनीकडे.

मी मागच्या अंगणात पळत गेले. भांड्यावरची थाळी तिरकी झाली होती आणि पाणी सांडून शेगडीच्या कडेला उमी ओली झाली होती. आम्ही सगळे पुढे असताना मांजर आलं, दुसरं काय! भिंतीवर एक मांजर होतंही. मी त्याला खडा मारला, त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मीच चोर. थाळी सरळ केली, पाणी भरलं. अप्पांचा खल आत वाजत होता. त्या दिवशी तो दुपारपासून जरा जास्तच वाजत होता, पण माझं लक्ष शेगडीकडे.

दिवे लागले. पानं मांडली. भिंतीकडेला मधोमध अप्पांचा पाट, त्याच्यापुढे काशाचं ताट, शेजारी भावोजींचं पान. भावोजी बसले. काका पाटाजवळ गेले आणि उभेच राहिले. एकदा खाली वाकले, पुन्हा सरळ झाले. "मी इकडं बसतो," असं म्हणून त्यांनी दुसरीकडे बोट दाखवलं, आणि तिकडेही बसले नाहीत. थोरल्या भावाच्या पाटावर बसायचं त्यांच्याने होईना. भावोजी पानापुढे हात मांडीवर ठेवून.

आई देवीचं ताट वाढायला आत आली. मी आत आणून ठेवलेल्या भांड्यावरची थाळी उचलली. वर लालभडक तवंग, आणि वास असा की दिवसभराची पायपीट वसूल झाल्यासारखं वाटलं. आईने पळी खोल घातली आणि वर काढली. रस्सा. परत घातली. रस्सा, आणि त्यात एक हाड. पांढरं स्वच्छ, धुऊन ठेवल्यासारखं. आईने पळीने तळ ढवळला. हाडं एकमेकांवर खडखडली. मांसाचा एक तुकडा मिळेना. सगळं विरघळून रश्शात गेलं होतं, रस्सा नुसता दाट झाला होता, पिठल्यासारखा.

"देवा रे," आई म्हणाली. "मी एवढंसंच घातलं होतं."

"काय?"

"पपई. सकाळी, मीठ लावताना."

मी म्हटलं, "मी पण घातली."

काकी दारात उभी होती. तिचा हात तोंडावर गेला. "दुपारी मी पण घातलं की गो! ही बावरलीय, विसरली असेल, असं वाटलं मला. थाळी उचलून घातलं."

आम्ही तिघी त्या भांड्यात बघत उभ्या. बाहेर जावई पानावर, पानं रिकामी. आई मटकन पाटावर बसली आणि म्हणाली, "आता काय वाढू मी?" आणि मला एकदम लखकन सुचलं. मी तशीच धावत अप्पांच्या खोलीशी गेले, दार वाजवलंही नाही, ढकललं.

"अप्पा, मटण राहिलंच नाही. अस्कं विरघळलं. नुस्तं हाड आणि रस्सा. आज कोणालाच चावाला काही नाही. दात असले काय, नसले काय!"

अप्पा खुर्चीवर बसले होते. "अस्कं?" त्यांनी विचारलं.

"अस्कं."

ते उठलेच. तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्यांनी धुवट जरीकाठी धोतर नेसलंय, केस विंचरलेत, कपाळाला ताजं गंध आहे. पेज प्यायला कोण गंध लावतं? पण विचार करायला मला फुरसत कुठे होती. ते माझ्या पुढे चालत गेले आणि मी मागे.

अप्पा पाटावर बसले तसे काका इतक्या पटकन आपल्या पानावर जाऊन बसले की पाण्याचा तांब्या कलंडला. आईने देवीला ताट दाखवलं, आणि आणून पहिली नळी काशाच्या ताटात ठेवली. अप्पांनी ती उचलली. मग ठण्ण! त्याच जुन्या पोच्यावर. मगज अख्खा बाहेर आला आणि त्यांनी तो भावोजींच्या पानावर पाडला. अक्का माझ्या शेजारी वाढायला उभी होती. तिने माझा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी तिथे काळंनिळं होतं.

सगळे जेवायला लागले. भात, त्यावर तो दाट रस्सा. चावायचं कोणालाच नव्हतं. भावोजीही भात कालवून गिळत होते, काका बोटं चाटत होते, आणि नळ्या सगळेच चोखत होते. पंगतभर फुर्र फुर्र आवाज. अप्पांचा आवाज त्यात कुठला, ते कोणाला ओळखू आलं नसतं. उपरणं मात्र अजून डाव्या हातात होतं. घास घेतला की वर जायचं.

काकांना राहवेना. गणिताचा माणूस. "असं झालं कसं पण?" त्यांनी विचारलं. काकीने सांगून टाकलं, तिघींनी पपई घातली. भावोजी हसले. काकांनी मान हलवली. "तरी हिशोब जुळत नाही. तिघींचं मिळून एवढं होणार नाही. आणि ते बोकड मी बगितलोंय."

"आता बगितलात होय," काकी म्हणाली.

भावोजी पहिल्यांदाच आपणहून अप्पांशी बोलले. "मामा, चव फार चांगली आहे. पण वास कसला आहे हा? आमच्याकडं असा येत नाही. पान-सुपारीसारखा. काही वेगळा मसाला घालतात की?"

मी वाटलेल्या मसाल्यात सुपारी नव्हती. मी घास घेतला नव्हता, पण पळीचा वास घेतला. होता खरा. कात, चुना, सुपारी, हिरवं पान. तो वास आमच्या घरात एकाच वस्तूला येतो. मी आईकडे पाहिलं. आई अप्पांच्या खोलीच्या दाराकडे बघत होती. मग काकीने तिकडे पाहिलं, मग काकांनी. मला तिरकी थाळी आठवली. मी खडा मारलेलं ते मांजर आठवलं. झटका दाराशी आला आणि आम्ही सगळे पुढे धावलो, तेव्हा मागच्या अंगणाशी एकटे अप्पाच उरले होते.

अप्पांनी घास गिळला. उपरणं मांडीवर ठेवलं, आणि परत उचललं नाही.

"अस्के माझ्याकडं काय बगता?" ते म्हणाले. "जून मटण आणलं यानं. मी पण पपई कुटून घातलों थोडी. मला पण जेवाचं होतं की, अस्क्यांबरोबर."

ते बोलताना त्यांचं तोंड सगळ्यांना दिसलं. पोकळ, हिरड्या, आत गेलेले ओठ. भावोजींनाही दिसलं. मग काका फस्सकन हसले, आणि अप्पाही हसले, तोंड तसंच उघडं ठेवून.

मला रडू येत होतं, म्हणून मी उगाच मिठाची वाटी उचलून आत जायला निघाले. आई भाताचं भांडं घेऊन अप्पांच्या पुढे वाकली होती. तिने एक पळी वाढली. मग दुसरी वाढली, त्यांच्या हाताकडे बघत. हात आडवा येत नव्हता. तिने तिसरी भरली.